मिटवलेलं तोंड

अठ्ठावीस वर्षं मी नगरमध्ये लोकांची तोंडं मिटवली. भांडून नव्हे, ब्रशने. दिल्लीगेटच्या आत माझा फोटो स्टुडिओ होता. फोटो काढणं हा धंद्याचा निम्मा भाग, आणि निघालेले फोटो माणसांत आणणं हा उरलेला निम्मा.

संपादकांनी मला धंद्यातल्या गमती लिहायला सांगितलं आहे. गमती आहेत, एखादी सांगतोही. पण स्टुडिओ बंद करून घरी बसल्यावर जे रोज आठवतं ते गमतीचं नाही. एका पोराला घरी परत आणायचं काम एकदा माझ्याकडे आलं होतं. मी ते फार सुबक केलं. पोरगं आलं नाही.

आधी धंदा काय होता ते सांगतो. लग्नात माणूस जेवताना सापडतो, जांभई देताना सापडतो, नवरीचा मामा कुणावर तरी खेकसताना सापडतो. अल्बम घरी गेला की चार दिवसांनी एक जाणतं माणूस तो फोटो घेऊन यायचं. “भाऊ, एवढं तोंड तेवढं मिटवून द्या.” त्याला आम्ही टचिंग म्हणायचो. फोटो मॅट कागदावर मोठा करायचा. उघड्या तोंडातला काळोख ब्लेडच्या टोकाने अलगद खरवडायचा, म्हणजे तिथला कागद पांढरा होतो. मग त्या पांढऱ्यावर बारीक ब्रशने राखाडी रंगाचे ओठ काढायचे. मोकळे केस झाकायला पोस्टर कलर. झालं की त्या कागदाचाच पुन्हा फोटो काढायचा. कुणाला कळत नसे.

एकदा शेवगावहून तीन भाऊ आले. आई वारलेली, आणि तिचा उभ्या जन्मातला एकच फोटो. तोही कुणाला तरी शिव्या देतानाचा. हात वर, तोंड उघडं. थोरला म्हणाला, “जित्तेपनी मिटलं न्हाई, आता तरी मिटवा.” मी आजीला अशी शांत केली की फोटो बघून सुना रडल्या. धाकटा मात्र फोटो उलटसुलट करून म्हणाला, “चांगलीय. पन ही बोलत न्हाई.” तेव्हा मी हसलो होतो.

मला कामाचा गर्व होता, लपवत नाही. माझे वडील शेवगावच्या मार्केट यार्डात हमाल. आमच्या घरातला, आणि आमच्या आळीतलाही, पहिला पदवीधर मी. वडिलांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र बुद्धाच्या तसबिरीशेजारी लावलं होतं. स्टुडिओच्या पाटीवर मी नावापुढे ‘बी. ए.’ रंगवून घेतलं तेव्हा बाजूचा चहावाला म्हणाला, “बी. ए. केल्यानं फोटो काय जास्त येतो का?” मी म्हणालो, “नीट येतो.” नीट हा माझा आवडता शब्द होता. भांग नीट, कॉलर नीट, तोंड मिटलेलं. असं राहूनच आम्ही वर आलो, असं मला वाटायचं.

नव्वदीची शेवटची वर्षं होती. भिंगारचा इम्रान स्टुडिओत आला. त्याच्या घरचा बँड, वरातीत वाजवणारा, म्हणून ओळख जुनी. बरोबर एक काटकुळा पोरगा, केस खांद्यापर्यंत, वरचा डाव्या बाजूचा दात अर्धा तुटलेला. संदीप त्याचं नाव. एमआयडीसीच्या बाजूच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. वडील रंगनाथ मिस्त्री, मूळचे खर्ड्याचे, नागापूरला एका फौंड्रीत कामाला. म्हणजे हाही घरातला पहिलाच.

“काका, आमचा बँड आहे,” संदीप म्हणाला.

“इम्रानचा बँड मला माहीत आहे.”

“तो नाही हो काका. मेटलकोर.”

मी म्हणालो, “म्हणजे काय?”

दोघं हसले. संदीप म्हणाला, “बाबांनीपण हेच विचारलं. त्यांच्या फौंड्रीत कोर म्हणजे वाळूचा गोळा. साच्यात ठेवायचा, भोवती धातू ओतायचा, आणि मग फोडून काढायचा. जिथं तो होता तिथं पोकळी राहते. बाबा म्हणाले, म्हणजे तुम्ही पोकळ वाजवता.”

मग त्याने समजावलं. अमेरिकेत पोरं वाजवतात, कुणाच्या तरी मावसभावाने कॅसेट आणली होती, तिच्या कॉप्या होत होत इथवर आल्या. गिटारी जोरात, ड्रम त्याहून जोरात, आणि गाणारा गात नाही, ओरडतो. शब्द मात्र यांचे स्वतःचे, मराठी. संदीपनेच लिहिलेले, एका वहीत. ओरडणारा तोच, ड्रमवर इम्रान. गॅदरिंगमध्ये त्यांना पंधरा मिनिटं मिळाली होती आणि पुढे कॅसेट काढायची होती. कव्हरसाठी फोटो हवे होते. कव्हरची झेरॉक्स मारणार, म्हणून ब्लॅक अँड व्हाईट.

गॅदरिंग दुपारी चारला. फॅन्सी ड्रेस आणि बक्षीस समारंभ यांच्या मध्ये यांना घातलेलं. मांडवाच्या कापडातून ऊन गाळून येत होतं. साऊंडवाला नाना, लग्नाचा आणि जयंतीचा माणूस, संदीपने माईक दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून ओठांना चिकटवला तसा स्टेजखालून ओरडला, “आरं ए, माईक हाय का भाकर? तोंडात काय घालतो?”

मग सुरू झालं. मी शेकडो वरातींच्या बँडपुढे उलटा चाललेला माणूस, पण हे वेगळंच होतं. पोटात धडका बसत होत्या. नानाने स्वतःच्या कानात कापूस घातला, उरलेल्यातला मलाही दिला. “घाला मास्तर, न्हाईतर उद्या गिऱ्हाईकाचं ऐकू यायचं न्हाई.” मी घातला.

अशा कार्यक्रमाचे फोटो काढणं किती अवघड ते तेव्हा कळलं. लग्नात मी डावा हात वर करून “इकडे बघा” म्हणायचो आणि दोनशे माणसं थांबायची. इथे कोण थांबतो? केस तोंडावर, मान खालीवर, फ्लॅश उडेपर्यंत पोरगा दुसऱ्या टोकाला. पहिली बारा-पंधरा चित्रं वाया गेली, नुसते केस. मग एक गोष्ट ध्यानात आली. ओरडण्याआधी तो श्वास घ्यायचा. खांदे वर जायचे, मान मागे, केस आपोआप बाजूला. त्यानंतर लगेच ओरडायचा. मी त्याचं तोंड बघणं सोडलं आणि खांद्यांकडे बघू लागलो. खांदे वर गेले, मी एक श्वास मोजला आणि दाबलं.

तो फोटो मी जन्मात काढलेल्या फोटोंत सगळ्यात चांगला. सहा फुटांवरून. चेहरा पूर्ण मोकळा, डोळे थेट माझ्यावर, तोंड सताड उघडं, तुटका दात चमकणारा. कोपऱ्यात कानांवर हात धरलेले एक प्राध्यापक.

खाली उतरल्यावर संदीप घामाने निथळत माझ्याकडे आला. त्याचे ओठ हलले. मी कापूस काढला तसा परत म्हणाला, “काका, ऐकलंत का? शेवटचं?”

“ऐकलं की,” मी म्हणालो.

सगळ्या निगेटिव्ह त्याने नेल्या, कव्हर पुण्याला करून घ्यायचं म्हणून. पण त्याने नेण्याआधी तेवढा एक फोटो मी बारा बाय दहाचा मोठा करून घेतला आणि शोकेसमध्ये लावला. दोन्ही बाजूंना नवरा-नवरी, मध्ये हा.

इथून माझी चूक सुरू होते. गावात येणाराजाणारा काचेपुढे थांबू लागला. आठवड्याभरात ते फौंड्रीत पोहोचलं. कुणीतरी रंगनाथ मिस्त्रींना म्हणालं, “मिस्त्री, तुझं पोरगं दिल्लीगेटला काचेत बोंबलतंय. घरचं कुनी मेलं का?” मिस्त्री येऊन बघून गेले, मला काही बोलले नाहीत. घरी मात्र बोलले. उद्या न्हावी घरी आणतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी न्हावी आला तेव्हा पोरगं नव्हतं. आईला “इम्रानकडे जातो” सांगून निघालं होतं. पिशवीत दोन कपडे, वही आणि निगेटिव्ह.

चौथ्या दिवशी मिस्त्री माझ्यासमोर उभे. पोलिसांत झालं होतं, आता पेपरात द्यायचं. घरी फोटो होता तो दहावीच्या हॉल तिकिटावरचा, मिसरूडही न फुटलेल्या मुलाचा.

“काचेतला द्या,” ते म्हणाले. “पन असा न्हाई. तेवढं तोंड मिटवा. आन केस कापा.”

मी लगेच हो म्हणालो. इतकी वर्षं स्वतःला विचारतोय, का रे बाबा? त्या माणसाची दया आली हे खरं. पण त्याहून खरं हे की मला पटलं होतं. पेपरात, जगासमोर, आपल्या पोराने असं दिसावं? आम्ही भांग पाडून, तोंड मिटून शिकलो म्हणून कुणी आम्हाला खुर्ची दिली. मी बापाच्या बाजूचा होतो.

मजकूरही मीच लिहिला, शुद्ध मराठीत. वय वीस, रंग सावळा, बांधा सडपातळ.

“वरचा दात तुटका आहे ना?” मी विचारलं.

“ते नगं लिवू. उद्या सोयरिकीला नडंल.”

“केस खांद्यापर्यंत?”

“तमासगीर म्हनतील लोक. ऱ्हाऊ द्या.”

मग रिकामी जागा भरायला मी लिहिलं, ‘स्वभाव शांत’. आणि शेवटी, ‘चि. संदीप, जिथे असशील तिथून घरी ये. तुला कोणीही काही बोलणार नाही.’

“हे खरं का, मिस्त्री?”

“लिवा तुमी. आल्यावर बघू.”

मी दुपारभर खपलो. काचेतलाच फोटो घेतला, कारण तोच एक होता. तोंडातला काळोख खरवडला, दात गेला. ओठांसाठी माझ्याकडे एक ठरलेला नमुना होता. पूर्वी एका नवरदेवाचे ओठ मला फार आवडले होते, कुठेही बसायचे, तेच काढले. केसांवर राखाडी रंग चढवून मागचा पडदा केला, कानावर कट मारला, भांग पाडला.

रंग वाळत असताना इम्रान आला. बघतच राहिला.

“काका, हा कोण?”

“संदीप.”

“नाही काका. मी रोज त्याच्यासोबत असतो, मलाच ओळखू येईना. पहिला होता तसा छापा ना.”

“पेपर आहे, कॅसेट नाही. मला शिकवू नकोस. मी ग्रॅज्युएट आहे.”

इम्रानच्या घरातलं कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं, आणि मी ते त्याला बरोबर आठवून दिलं होतं.

संध्याकाळी मिस्त्री बायकोला घेऊन आले. फोटो हातात घेऊन त्यांचे डोळे भरले. “आता मानसात आला.” संदीपची आई बराच वेळ बघून म्हणाली, “माज्या धाकल्या भावावानी दिसतोय.” तिने ते कौतुकाने म्हटलं की कशाने, मला आजही ठरवता आलेलं नाही.

जाहिरात आली. निरोपही आले. एक कोपरगावहून, एक दौंडहून. मिस्त्री रजा टाकून दोन्हीकडे गेले. दौंडहून आल्यावर स्टुडिओच्या बाकावर बसून राहिले. म्हणाले, “भाऊ, हॉटेलात कामाला हाय त्यो. हुबेहूब. भांग तसाच, व्हट तसंच. तुमच्या फोटोतलाच पोरगा, काडीचा फरक न्हाई.” मग म्हणाले, “पन माजा न्हाई.”

एवढं ऐकूनही मला काही कळलं नाही. उलट मनात आलं, बघा, काम किती नीट झालंय.

सहाएक महिने गेले. एका सकाळी एसटीचे एक कंडक्टर ओळखपत्राच्या फोटोसाठी आले. टोपी नीट करताना त्यांची नजर भिंतीकडे गेली. तिथे मी जाहिरातीचं कात्रण लावलं होतं.

“सापडला का हो हा?” त्यांनी विचारलं. “मीबी कात्रण खिशात ठेवलं हुतं. आमच्या गाडीत असली पळालेली पोरं लई येतात.”

“नाही सापडला. खरं तर फोटोत जरा फरक आहे. केस खांद्यापर्यंत होते, आणि समोरचा दात तुटका.”

कंडक्टरांचे हात टोपीवरच राहिले.

“कुठला दात?”

“वरचा. डावीकडचा.”

ते स्टुलावर बसले. “सुरतेची गाडी,” म्हणाले. “जाहिरात आली त्याच आठवड्यात. डायवरच्या मागच्या सीटवर हुता. मांडीवर बोटांनी तबला वाजवल्यासारखं करत हुता. तिकीट देताना हसला, तवा दात दिसला. मला संशय आला हो. मी कात्रण काढलं. त्याच्यापासनं दोन हातांवर उभा ऱ्हाऊन तोंड ताडून बघितलं.”

“मग?”

“मग काय. ह्यो असा, त्यो तसा. कात्रण परत खिशात घातलं. सुरतेला गर्दीत उतरला.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “दात तेवढा लिवायचा की हो, मास्तर. गाडीच पोलीस ठाण्यात घातली असती.”

त्यांचा फोटो मी काढला. तो हलला. मला कधी नव्हे तो दुसऱ्यांदा काढावा लागला.

नागापूरला जायला मी दोन दिवस घेतले. मिस्त्रींची ड्यूटी सुटली होती, हातपाय धुऊन बसले होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मीच म्हनलो हुतो दात लिवू नगा.” मी म्हणालो, “ब्लेड माझ्या हातात होतं.” दोघांपैकी कुणालाच दुसऱ्याकडून काही घेता येईना, देता येईना.

संदीपची आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती म्हणाली, “मंग आता उघडा की, दादा.”

“काय?”

“त्याचं तोंड. जसं मिटवलं तसं उघडा. सुरतेच्या पेपरात छापू.”

त्या बाईला वाटत होतं, मिटवता येतं तर उघडताही येत असेल. निगेटिव्ह पोराच्या पिशवीत गेल्या होत्या. इम्रानकडे जो एक फोटो होता त्यात नुसते केस. उरला तोच एक कागद, माझ्या रंगाखालचा.

स्टुडिओत येऊन मी तो टेबलावर ठेवला. कापूस पाण्यात बुडवून पिळला आणि हळूहळू पुसायला घेतलं. आधी भांग गेला. मागचा पडदा गेला आणि खालून केस आले, खांद्यापर्यंत, ओले वाटावेत असे. मला क्षणभर आशा वाटली. मग नवरदेवाचे ओठ पुसले. खाली काही नव्हतं. ब्लेडने खरवडलेला पांढरा कागद. वर ते दोन डोळे माझ्याकडे बघणारे आणि खाली बोटाच्या पेराएवढा पांढरा ठिपका.

मिस्त्री सुरतेला जाऊन आले, दोनदा. तिथल्या पेपरात नुसता मजकूर दिला, या वेळी दात, केस, सगळं लिहिलं. हॉल तिकिटाचा फोटो दाखवायचा आणि स्वतःच्या दातावर बोट ठेवायचं, असं ते माणसांना विचारत फिरले. हिंदी त्यांना बेताचंच येतं. परत आले आणि कामावर गेले. पाटीवरचं ‘बी. ए.’ मी काढलं नाही. काढून कुणाला काय मिळणार होतं?

सुरतेच्या दुसऱ्या फेरीनंतर संदीपची आई एकटीच स्टुडिओत आली. तो कागद बघायचा म्हणाली. मला दाखवायचा नव्हता, पण दाखवला. तिने पांढऱ्या जागेवर अंगठा ठेवला आणि नुसते डोळे बघितले. अंगठा ठेवला की तो तिला ओळखू येत असावा.

“दादा,” ती म्हणाली, “ह्या टायमाला त्यो काय म्हनत हुता?”

मी ब्रश आवरायला घेतले.

“त्या इम्रानला इचारलं. त्यो म्हनतो, मी ढोलाच्या मागं, मला शब्द ऐकू येत न्हवते, वही संदीपकडंच. घरात आमी त्याला कदी म्हनू दिलं न्हाई. तुमी तर समूर हुता. सा फुटावं.” तिने अंगठा उचलला नाही. “काय म्हनत हुता, तेवढं सांगा.”

कापूस अजून टेबलावरच होता, राखाडी झालेला. मी तिला खरं सांगितलं. म्हणालो, “वहिनी, माझ्या कानात कापूस होता.”